इंचाला सात सूत

पप्पांनी विमानात बसायला उजवा पाय आत टाकला, तेव्हा मी शेडच्या दारात उभी राहून अंगठ्याजवळची कातडी सोलत होते. पुढे काय होणार हे तिथे फक्त मला माहीत होतं. सात महिन्यांपासून माहीत होतं.

पप्पा रेल्वेत फिटर होते. नोकरीची शेवटची वर्षं मुदखेडला काढली आणि रिटायर झाल्यावर नांदेडच्या आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं. शंभर वर्षांपूर्वीच्या पहिल्या महायुद्धात होतं तसं, एकावर एक दोन पंखांचं. खऱ्यापेक्षा थोडं लहान, अॅल्युमिनियमच्या नळ्यांचं. त्यांना ते उडवायचं नव्हतं. तशी परवानगी मिळाली नसती आणि आमच्यात कुणाला उडवताही येत नाही. त्यांना फक्त एकदा त्यात बसून, पुढचा पंखा फिरवत, गावाबाहेरच्या माळावर एक चक्कर मारायची होती. हेच विमान का, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "यात सगळं दिसतं बघ. तार दिसती, कप्पी दिसती, खांब दिसतो. आताच्या इमानात काय हाय? सगळं झाकलेलं."

आराखडे इंग्रजीत होते आणि घरात इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटी. लातूरला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा ते मी इंटरनेटवरून मागवले, तिथेच मोठ्या कागदांवर छापून घेतले आणि गुंडाळी मांडीवर धरून एसटीने अहमदपूर, लोहा करत घरी आणली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात सेवन बाय एट स्केल असं होतं. मी ते वाचलं मात्र, पप्पा लगेच म्हणाले, "म्हणजे इंचाला सात सूत."

फिटर, सुतार इंचाचे आठ भाग करतात. त्यातला एक भाग म्हणजे सूत. खऱ्या विमानाच्या आठ सुतांची आपल्याकडे सात सुतं करायची, इतकं सोपं. मला तर हे फार आवडलं. मी कागदावरचा आकडा वाचायचे, पप्पा तोंडातल्या तोंडात सातने गुणायचे आणि नळीवर खूण करायचे. त्यांनी कधी कागद हातात घेऊन बघितला नाही. वर्कशॉपची शिस्त होती ती. ड्रॉइंगवर आहे ते आहे. आणि ड्रॉइंग म्हणजे मी. आईने मध्येच काही विचारलं तर म्हणायचे, "तिला इचार. ती म्हणली की झालं."

घरात मी फार बोलत नाही, बाहेर तर नाहीच. पण ते आकडे मी मोठ्याने वाचायचे. तेवढाच माझा आवाज त्या शेडमध्ये असायचा.

दोन वर्षांत सांगाडा उभा राहिला. मग उन्हाळ्याच्या सुटीत, पंखांवर कापड कोणतं ताणायचं ते शोधताना मी सगळ्यात मागचं पान उघडलं. बारीक अक्षरातल्या सूचनांचं पान. पप्पांना आकडे हवे असायचे म्हणून ते मी कधी वाचलंच नव्हतं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की या कागदांवरची सर्व मापं आधीच लहान केलेली आहेत, ती पुन्हा लहान करू नयेत.

मी पान मिटलं आणि उठून पाणी प्यायले. परत येऊन पान उघडलं. ओळ तिथेच होती.

आम्ही लहान केलेलं पुन्हा लहान केलं होतं. बसायच्या जागेची रुंदी वीस इंच हवी होती, ती साडेसतरा झाली होती. त्या वेळी पप्पा शेडमधून आले, हात धुतले आणि म्हणाले, "आज खांदा लावून बघितला. त्या लढाईतले पायलट लई किरकोळ असतील गं. पोरसवदा."

मी "हो" म्हणाले.

चूक वाचनातली होती. हे 'हो' मात्र मी जाणूनबुजून म्हणाले. त्यानंतर लातूरला माझं कशातच लक्ष लागेना. जेवताना मध्येच उठायचे. होस्टेलच्या खोलीत एकदा फरशीवर खडूने साडेसतरा इंचांवर दोन रेघा मारल्या आणि मध्ये बसून बघितलं. मी बसत होते. रूममेटने विचारलं, "काय करून राहिलीस?" मी म्हणाले, "असंच." हाताने रेघा पुसल्या तर त्या पसरून आणखीच रुंद दिसायला लागल्या. दर शनिवारी नांदेडच्या बसमध्ये वाक्य जुळवायचे, पप्पा, एक सांगायचंय. लोहा येईपर्यंत ते तयार असायचं. घरी पोचले की पप्पा विचारायचे, "पुढचा आकडा सांग," आणि मी आकडा सांगायचे.

मग बैठक करायची वेळ आली. आईने खाटेची नायलॉनची पट्टी घेऊन ती विणली. विणून झाल्यावर ती हातात धरून म्हणाली, "एवढुशी? ही कुणाच्या बुडाला पुरणार हाय?"

"कागदावर हाय तशीच हाय," पप्पा म्हणाले.

म्हणून त्या दिवशी त्यांनी उजवा पाय आत टाकला. मग डावा. दोन्ही हातांनी कडा धरून खाली सरकले आणि कमरेशी अडकले. श्वास सोडला, पुन्हा जोर लावला. सांगाडा कुरकुरला. शेजारचे चाचा, पप्पांबरोबरच रिटायर झालेले वेल्डर, स्टुलावरून हसायला लागले. "अरे भाई, इमान बनाये कि चूहे का पिंजरा?" आईने तोंडाला पदर लावला. पप्पाही हसले. चाचांनी बखोटीला धरून त्यांना बाहेर ओढलं. शर्ट झटकत पप्पा म्हणाले, "इमानाची चूक न्हाई. आपलंच पोट सुटलंय. दोन महिन्यांत बसतो बघा."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी झाडू घेतला आणि शेडमधला अॅल्युमिनियमचा किस गोळा करायला लागले.

पप्पा कामाला लागले. पहाटे दोन तास चालायचं, भात बंद, रात्रीची भाकरी बंद. त्यांना शुगर आहे, रोज गोळी असते. आई ओरडायची, "माणूस इमानासाठी उपाशी मरतो का कुठं?" ते टेप घेऊन आरशासमोर उभे राहायचे आणि मला आकडा वाचायला लावायचे. मी वाचायचे. आकडा कमी होत होता. पण पोट कितीही उतरलं तरी खांद्याची हाडं उतरणार नव्हती, हे मला ठाऊक होतं.

तिसऱ्या आठवड्यात, रविवारी सकाळी, चाचांनी त्यांना स्कूटरवर मागे बसवून आणलं. चालताना रस्त्याच्या कडेला चक्कर येऊन बसले होते. तोंड पांढरं, हात घामाने ओले. आईने साखरेचं पाणी दिलं. दोन घोट घेऊन पप्पा म्हणाले, "काही न्हाई. अजून दीड इंच राहिलंय."

मी आत गेले. बसमध्ये जुळवलेलं वाक्य आठवलंच नाही. शेवटचं पान आणलं, त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं आणि तिसरी ओळ इंग्रजीत वाचली. मग मराठीत सांगितली. माझा आवाज मध्येच गेला, तेवढं पुन्हा सांगितलं.

पप्पांनी बोट त्या ओळीवर ठेवलं. अक्षरं लागत नव्हती तरी बराच वेळ बघत राहिले.

"हे कधी वाचलंस?"

"उन्हाळ्यात."

"कोणत्या?"

"मागच्या."

त्यांनी पान माझ्या हातात परत दिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. आईला म्हणाले, "भाकरी वाढ," आणि जेवून दिवसभर पडून राहिले. मी जिना चढत होते, उतरत होते. संध्याकाळी विहारात वंदनेला गेलो, तिथेही मला डोळे मिटून बसवेना. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ नेहमीसारखेच हलत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारली. ते शेडमध्ये ड्रिल घेऊन उभे होते. म्हणाले, "पंख राहू दे. शेपूट राहू दे. मधलं तेवढं सोडवू, वीस इंच करू."

"पण मग ते बरोबर दिसणार नाही, पप्पा. मध्येच फुगल्यासारखं..."

"दिसू दे. पोट सुटलंय म्हणू." मग स्टूल पुढे ओढून म्हणाले, "बस. आता हे पान पैल्या वळीपासून वाच. सगळं. झालेलंसुदा."

मी सगळं वाचलं. चाळीस ओळी असतील. दोन ठिकाणी त्यांनी थांबवून पुन्हा विचारलं. मग आम्ही रिवेट काढायला लागलो. ड्रिल मारलं की रिवेटचं डोकं उडायचं आणि फरशीवर टिणटिण करत कुठेतरी जायचं. कॉलेज बुडवून मी आठवडाभर राहिले. आता मी आकडा वाचला की पप्पा चष्मा चढवायचे, कागद स्वतःकडे फिरवायचे, आकड्यावर बोट ठेवायचे आणि मगच नळीवर खूण करायचे. प्रत्येक वेळी. एकदाही विसरले नाहीत. त्या वेळात मी अंगठा सोलत बसायचे.

सहाव्या दिवशी ते आत बसले. खांद्यांसकट, नीट. पंखा फिरवणारं इंजिन अजून वेल्डिंगला चाचांकडे होतं, पंखांवर कापड नव्हतं. समोरच्या उघड्या नळ्यांतून घराची मागची भिंत आणि आईची वाळत घातलेली साडी दिसत होती. पप्पांनी दांडा धरला, मागे ओढला. शेवटच्या टोकाला तार ताणली आणि शेपटीचं पातं हललं. तोंडाने त्यांनी हळूच इंजिनाचा आवाज काढला. मी बघतेय हे लक्षात येताच थांबले.

"दोन्हीकडं जागा किती राहिली, मोज."

मी टेप लावला. "डावीकडं सात सूत. उजवीकडं पाच सूत."

त्यांनी हात पुढे केला. मी टेप दिला. त्यांनी डावीकडे मोजलं, वाकून उजवीकडे मोजलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. आणि टेप मला परत न देता खिशात ठेवला.