सर गप्प होते तेव्हाची सबटायटल्स

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसायला म्हणून वाचायचे, हे आधीच सांगून टाकते. मी व्हिडिओ एडिटर आहे. आपोआप उघडणारं दार, भिंतीवरून सरकणारी सावली... असलं सगळं मी स्वतः लॅपटॉपवर करून देते. विश्वास बसायचा प्रश्नच नव्हता.

उस्मानपुऱ्यात आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत माझं काम चालतं. लग्नं, वाढदिवस, शाळांची गॅदरिंग. माझं निम्मं दुकान इंटरनेटवरच आहे म्हणा ना – फुकटचं संगीत एका साइटवरून, टाळ्यांचे-पक्ष्यांचे आवाज दुसरीवरून, नावांच्या पाट्यांचे तयार नमुने तिसरीवरून. सबटायटल्ससाठीही एक साइट सापडली होती. व्हिडिओ तिथं टाकायचा, ती बोलणं ऐकून मराठीत ओळी लिहून देते. चुकते बऱ्याचदा, पण दुरुस्त करता येतं.

गेल्या हिवाळ्यात आमच्याच गल्लीतल्या जाधव सरांच्या पंचाहत्तरीचं काम आलं. सरांनी मला शाळेत गणित शिकवलेलं. त्यांचा मुलगा प्रशांतदादा म्हणाला, "छोटी फिल्म कर. आणि खाली अक्षरं टाक बरं का, येणाऱ्या निम्म्या लोकांना ऐकू येत नाही."

कॅमेऱ्यावर माझा नेहमीचा जोडीदार इम्रान होता, प्रश्न मी विचारत होते. सर शाळेबद्दल, शेतीबद्दल भरभरून बोलले. मग मी म्हटलं, "सर, काकूंबद्दल सांगा ना." त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. कितीतरी वेळ खिडकीकडं बघत राहिले. शेवटी म्हणाले, "ती आहे म्हणून घर आहे." बस, एवढंच.

ती शांतता मी फिल्ममध्ये पूर्ण ठेवली. खाली हलकी बासरी टाकली. लोक डोळे पुसतील असं वाटलं होतं मला!

साइटनं लिहिलेली सबटायटल्स मी ओळीनं तपासली. पण त्या शांत जागेवरून मी पुढं सरकले. कुणी बोलतच नव्हतं, तर तपासायचं काय?

रविवारी सकाळी हॉल भरला होता. पहिल्या रांगेत सर आणि काकू. मी बाजूला लॅपटॉप घेऊन बसलेली. पडद्यावर सर खिडकीकडं बघायला लागले, बासरी सुरू झाली, आणि खाली अक्षरं आली –

"दत्तू आला होता. मी त्याला दारातूनच परत पाठवलं. तुला सांगितलं नाही."

साइटनं काहीतरी घोळ घातला असंच मला वाटलं. मागं कुणीतरी हसलंसुद्धा. तेवढ्यात काकू उठून उभ्या राहिल्या. मी घाबरून फिल्म थांबवली... आणि त्यामुळं ती ओळ पडद्यावर तशीच राहिली. भली मोठी.

"दत्तू आला होता?" काकूंनी सरांना विचारलं.

सरांनी मान खाली घातली.

"अहो, मी इचारते. आला होता का?"

"व्हय."

"कवा?"

"बरीच वर्षं झाली. भाऊबीजेला. तू दळण आणायला गेली होतीस."

दत्तू म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. त्यांचं माहेर वेरूळजवळचं. तिथल्या जमिनीवरून वाद झाला आणि येणं-जाणं तुटलं. भाऊ एकदाही उंबरा चढला नाही, हे काकू वर्षानुवर्षं बोलून दाखवायच्या. तो वारल्यावरही.

प्रशांतदादा माझ्याकडं धावत आला. "काय लिहिलंस हे? कुणी सांगितलं तुला?"

"दादा, हे माझं नाही," मी म्हणाले. "साइटनं टाकलंय." काकू समोर रडत होत्या आणि मी त्याच्याकडं लॅपटॉप वळवून साइटचं नाव दाखवत होते.

दुपारी इम्रानबरोबर मूळ चित्रीकरण पुन्हा ऐकलं. "मैं तो सामनेच था ना," तो म्हणाला. "सर एक लफ्ज नहीं बोले." आवाजात फक्त पंख्याची घरघर होती. दत्तूचं नाव अख्ख्या चित्रीकरणात कुठंच नाही. तोच व्हिडिओ साइटवर परत टाकला, तर शांत जागा रिकामी. परत टाकला... रिकामी. एडिटर लोकांच्या एका फोरमवर विचारलं. ते म्हणाले, ही टूल्स शांततेत मनानं काहीबाही लिहितात. 'धन्यवाद', 'चॅनल सबस्क्राइब करा' असलं काहीतरी. मी आनंदानं मानलं असतं. पण दत्तूचं नाव?

माफी मागायला गेले. सर गॅलरीत बसले होते.

"तू कुणाकडून ऐकलेलं नाहीस, मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी हे कधी कुणाला बोललोच नाही." मग हळूच म्हणाले, "त्या वेळी मनात तेच चाललं होतं. अगदी त्याच शब्दांत."



आत काकू पिशवी भरत होत्या. माहेरी, दत्तूच्या बायकोकडं निघाल्या होत्या. दारात त्यांनी माझा हात धरला. "पोरी, तुझ्या त्या मशीनला अजून इचारून बघ की. माझ्यासाठी काय आणलं होतं त्यानं? पाणी तरी पिला का? ह्यांच्याशी मी आता बोलायची नाय."

"बघते काकू," मी म्हणाले.

त्या ओळी कुठून आल्या, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर लिहा. काकू अजून तिकडंच आहेत. मधूनमधून फोन करतात, "काही आलं का गं?" मी म्हणते, नेट स्लो आहे. समोरच्या गॅलरीत सर एकटे बसलेले असतात. दत्तूनं काय आणलं होतं, पाणी प्यायला का, हे ते एका वाक्यात सांगू शकतील. पण अजून एकदाही मला त्यांच्याकडं मान वर करून बघता आलेलं नाही.