कवडूभाऊचा अंगठा

कामठ्यात ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवणारा कवडूभाऊ वीस वर्षांपासून आमच्या शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, घडीवाला. तिकडं झेंडी पडली की इकडं त्याचा अंगठा स्टॉपवॉचवर, बैलजोडी रेषेवर आली की पुन्हा अंगठा. अन् वीसही वर्षं लोकांचं एकच म्हणणं, "कवडूचा अंगठा साळ्यासाठी नरम हाय." साळा म्हणजे बोदलकशाचा देवाजी. त्याची जोडी एकदाही जिंकली नाही, तरी बोलणारे बोलतच.

"मंग अंगठाच नको ना बाप्पा," म्हणून कवडूनं औंदा दोन रिसीव्हर मागवले. काडीपेटीएवढी काळी डबी, उपग्रहापासून वेळ घेते अन् कॉम्प्युटरची घडी बरोबर ठेवते. एक डबी-लॅपटॉप झेंडीजवळ, दुसरा शेवटच्या रेषेवर.

"मोबाईलची वेळ काऊन नाही चालत?" झेंडीवाल्या ओमेशनं विचारलं.

"पटाच्या गर्दीत नेटवर्क झोपते गा. अन् आपल्याले सेकंदाचा शंभरावा भाग पायजे. डबीले फक्त मोकळं आभाळ दिसू दे. तिले ना साळा, ना सासरा."

दुपारपर्यंत झकास चाललं. सर्वांत चांगली वेळ आठ पॉइंट चार सेकंद. नेहमीचे भांडखोर तोंड मिटून बसले. मग लॅपटॉप बंद करून सारे जेवाले गेले.

जेवणानंतर पहिली जोडी देवाजीची. बैल असे खाऊनपिऊन सुखी, की पळताना लोकांकडं पाहत होते. अन् स्क्रीनवर आलं, सहा पॉइंट दोन!

"अंगठा गेला, आता डबीच साळ्याची झाली!" मैदानात एकच गिल्ला. देवाजीनं तर गुलालही लावून घेतला. "का जी भाऊजी, यंत्र खोटं बोलते का?"

वीस वर्षांची इज्जत एका आकड्यात चालली होती. कवडू धोतर सावरत झेंडीकडं पळाला. डबी कुठंच नाही. जागेवर एक उपडं घमेलं.

"हे काय गा, ओमेश?"

"उन्हानं तापून राहिली होती बिचारी. झाकली."

घमेल्याखाली आभाळ कुठून दिसणार? लॅपटॉप आपल्याच घडीवर चालू झाला होता, अन् ती घडी तीन सेकंद पुढं, म्हणून जोडीच्या धावेतले तीन सेकंद गायब. कवडूनं भोंगा घेतला, "वेळ रद्द. जोडी पुन्हा पळंल."

"ताईले सांगतो!" देवाजी ओरडला.

"सांग."

घमेलं काढलं, डबीचा दिवा लुकलुकेपर्यंत सारा गाव आभाळाकडं पाहत बसला. जोडी पुन्हा पळाली. नऊ पॉइंट आठ. शेवटून पहिला नंबर.

अंगठ्याचं नाव कोणी काढलं नाही. उलट विचारू लागले, "साळ्यावर येवढा राग कायले, कवडूभाऊ?"

दिवस बुडता घरी आला तर पाटासमोर उपडं घमेलं. बायको मंदाबाई पाठ करून बसलेली. देवाजीचा फोन आधीच पोहोचला होता. कवडूनं घमेलं उचललं. खाली रिकामं ताट.

"भात कुठं हाय वं?"

"माह्या भावाची वेळ देली ना उपग्रहानं? भातही त्यालेच माग."