मामांचा अमेरिकन

अमेरिकेतल्या नाटककाराचं दहा दिवस सुतक पाळणारा रेल्वेचा पार्सल क्लार्क साऱ्या पृथ्वीतलावर शोधला तर एकच सापडेल, आणि तो माझ्या नवऱ्याचा मामा आहे. मी लग्न होऊन पुण्याहून हैदराबादेत, हिमायतनगरच्या घरात आले, त्याला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली मामा-मामी. एका सकाळी मामांनी पेपर घडी करून ठेवला, डोक्यावरून अंघोळ केली आणि देवघराचं दार लावून घेतलं. "आपला माणूस गेला," एवढंच म्हणाले. मी घाबरून नवऱ्याला ऑफिसातून बोलावून घेतलं. सिकंदराबादच्या पार्सल ऑफिसात मामा दाढी न करता जाऊ लागले तेव्हा साहेबांनी विचारलं, कोण गेलं? मामा म्हणाले, "घरातलेच." मग त्यांचे दोन तेलुगू सहकारी मोसंबी घेऊन भेटायला आले आणि मामींसमोर पंधरा मिनिटं मान खाली घालून बसले. मामींनी त्यांना चहा दिला, पण गेलेला माणूस कोण हे काही सांगितलं नाही. नवऱ्याची लाज राखण्यात मामींचा हात कोणी धरला नसता. तेराव्याला गुरुजींनी गोत्र विचारलं. मामांना त्याची सगळी नाटकं पाठ होती, गोत्र तेवढं ठाऊक नव्हतं. गोत्र माहीत नसेल तर कश्यप म्हणायची सोय आहे म्हणून तेवढ्यावर निभावलं.

त्या नाटककाराचं नाव मी इथे लिहीत नाही. माझा उच्चार मामांना इतक्या वर्षांत एकदाही पटलेला नाही, तेव्हा लेखन तरी कशाला चुकवा. मामी त्याला 'तुमचा पाहुणा' म्हणत. हा पाहुणा घरात आला तोही रेल्वेतूनच. पडून राहिलेल्या बेवारशी सामानाचा लिलाव व्हायचा, त्यात मामांनी एक पत्र्याची ट्रंक घेतली. मामींना वाटलं, आत निदान एखादी रजई निघेल. निघाली ती त्याची नाटकं आणि त्याचं एक उशीएवढं चरित्र. त्या दिवसापासून मामा त्या ट्रंकेत गेले ते बाहेर आलेच नाहीत.

आपला सख्खा भाऊ कोणत्या खात्यातून रिटायर झाला हे मामांना आठवत नसे, पण पाहुण्याला कितव्या वर्षी दमा लागला, त्याची कोणती बायको कोणत्या गावची, हे ते जेवताना सांगत. पाहुणा मूळचा एका लहान गावातल्या न्हाव्याचा मुलगा. बापाच्या दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची बोलणी ऐकत मोठा झाला. पहिली दोन नाटकं अशी पडली की त्याला गाव सोडावं लागलं. तिसऱ्याने तो जगभर पोहोचला. तीन लग्नं केली, तिघीही सोडून गेल्या. शेवटी एकटा राहायला लागल्यावर त्याने शेवटचं नाटक लिहिलं, ते एका ट्राम कंडक्टरवर आणि त्याच्या बायकोवर. कंडक्टर आयुष्यात काही म्हणजे काही करू शकलेला नाही. नोकरीचा शेवटचा दिवस संपवून तो घरी येतो आणि बायको त्याला सांगते की तुमच्याबरोबर मी दुःखात नव्हते. पडदा. "जे त्याला कोणी म्हटलं नाही, ते त्याने लिहून काढलं," मामा म्हणत आणि ताटातली भाकरी तशीच राही.

हे नाटक मराठीत आणायचं हा मामांचा ध्यास. रोज सकाळी पाच ते सात, व्हरांड्यात लुंगीवर बसून, रेल्वेच्या जुन्या फॉर्मांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते लिहीत आणि मग वहीत उतरवत. शब्दकोशावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. न्हाव्याच्या मुलाने कानाने लिहिलेलं नाटक डोळ्यांनी कसं आणायचं? प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी तोंडून वदवून घ्यायचं आणि जीभ अडखळली की खोडायचं, अशी त्यांची पद्धत. एकदा माझ्या कंपनीची बस कोपऱ्यावर उभी असताना त्यांनी मला फाटकात अडवलं आणि "मला न विचारता तुम्ही घर विकलंत?" हे तीन वेळा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी मी उशीर होतोय म्हणून खरोखरच चिडले होते. मामा खूश झाले. संध्याकाळी समोरच्या रेड्डींनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, मामांनी घर कुणाला दिलं?

पण त्यांचं खरं भांडवल मामी. मामींचं माहेर मूळ मराठवाड्यातलं, पण त्या जन्मापासून हैदराबादेत. त्यांच्या बोलण्यात मराठवाडी, उर्दू, तेलुगू सगळं एकत्र नांदे. मामा व्हरांड्यातून विचारत, "अगं, मी दारू पिऊन घरी आलो तर तू काय म्हणशील?" मामी कणीक तिंबता तिंबता सांगत, "म्हणायचं काय त्यात? अंगणात झोपा म्हणायचं. कशाला सकाळी सकाळी परेशान करायलात?" मामा ते लगेच उतरवून घेत. अशा रीतीने अमेरिकेतल्या कंडक्टरची बायको हळूहळू 'हौ' आणि 'नक्को' म्हणायला लागली. वीस वर्षांत मामींनी ओट्यापाशी उभ्या उभ्या सगळं नाटक बोलून दिलं. फक्त शेवटचं पान राहिलं.

तिथे आल्या की मामी बोलत नसत. मामांनी किती तऱ्हांनी विचारलं असेल. "अगं, समज मी रिटायर होऊन आलोय. ती त्याला सांगते ना, तसं तू मला कसं सांगशील?" मामी म्हणत, "असलं कुणी तोंडानं बोलतं का? पाहुण्याला विचारा की." एकदा मीच शहाणपण करून त्या पानाचा तर्जुमा करून दिला. मामांनी तो मोठ्याने वाचला आणि सभ्यपणे म्हणाले, "सूनबाई, चांगलं आहे, पण हे पुण्याचं झालं." मला राग आला होता. त्यांना ते वाक्य नाटकासाठी नव्हे, स्वतःसाठी ऐकायचं आहे हे कळायला मला फार वर्षं लागली. पार्सलांवर चिठ्ठ्या चिकटवत रिटायर झालेला माणूस बायकोला विचारत होता की तू माझ्याबरोबर सुखात होतीस ना, आणि सरळ विचारायची हिंमत नव्हती म्हणून अमेरिकेहून माणूस मध्ये घातला होता.

दोन वर्षांपूर्वी मामींना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवी बाजू आणि वाचा गेली. मामांनी लिहिणं बंद केलं. बोलणं शिकवायला एक तेलुगू मुलगी यायची. ती म्हणाली, "अंकल, आंटींच्या तोंडात बसलेलं काहीतरी त्यांच्याबरोबर रोज म्हणा. आरती म्हणा, गाणं म्हणा." मामांनी आरती म्हटली. मामींनी भिंतीकडे तोंड केलं. आठवडाभर असंच गेलं, तेव्हा मामा वही घेऊन पलंगाशी बसले आणि कंडक्टरचं पहिलं वाक्य वाचलं. मामींचे ओठ हलले. दुसऱ्या दिवशी त्यातून आवाज आला. महिन्याभराने "अंगणात झोपा" मला जिन्यात ऐकू आलं, वेडंवाकडं, पण मामींचंच. मी जिन्यातच बसून रडले.

पाच ते सात हीच वेळ. मामा एक वाक्य म्हणत, मामी एक. कधी एका वाक्याला तीन दिवस लागत. पहिला अंक उन्हाळ्यात संपला, दुसरा दसऱ्याच्या सुमाराला. जसजसं शेवटचं पान जवळ येऊ लागलं तसतसे मामा हळू वाचू लागले, मागची पानं पुन्हा घेऊ लागले. पुढे काय, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

त्या सकाळी मी चहा घेऊन खाली गेले होते. वहीचं पान कोरं होतं. मामा पेन हातात धरून म्हणाले, "इथं ती त्याला काहीतरी म्हणते. राहू दे, नाही सुचलं तर राहू दे." मामींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग एकेक शब्द ओढून काढत म्हणाल्या, "अहो. उगं बसा. हितं, माझ्याजवळ." पुण्याला आम्ही 'गप्प बसा' म्हणतो त्यात धार असते, यात नव्हती. मामांनी सवयीने पेन कागदावर टेकवलं. मामींनी डावा हात उचलून वहीवर ठेवला आणि मान हलवली. मामांनी वही मिटून पलंगावर जागा करून घेतली. मी चहा ठेवून वर आले.

मामी या चैत्रात गेल्या. परवा इथल्या महाराष्ट्र मंडळाची माणसं आली होती, नाटकाचं वाचन ठेवायचं म्हणून. मामांनी त्यांना वही दिली आणि शेवटचं पान नाही हेही सांगितलं. ते गेल्यावर मी न राहवून म्हटलं, "मामा, शेवट तर आहे की आपल्याकडे. मीही ऐकलाय तो. घाला ना." मामा चष्मा पुसत बसले होते. "नाही सूनबाई," ते म्हणाले. "ते ती मला म्हणाली."