ज्वालामुखीच्या काठावर दुधाचा वास

आधीच सांगून टाकते. या ग्रुपवरचे अनुभव मी जेवताना वाचते, हसते आणि पुढे जाते. पांढऱ्या साडीतली बाई, घाटात बंद पडलेली गाडी, कुणीच नसताना वाजलेली बेल… माझ्याकडून आजवर एकालाही लाइक गेलेला नाही. आम्ही नागपूरचे बौद्ध. आमच्या घरात कधी अंगारा आला नाही की कुणाची दृष्ट काढली गेली नाही. बाबांना बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, आणि आई मनपाच्या शाळेत विज्ञान शिकवायची. शेजाऱ्यांनी उतरवून टाकलेलं लिंबू उचलून आणून त्याचं सरबत करणारी बाई ती. मी स्वतः सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. जो बग पुन्हा करून दाखवता येत नाही, तो मी बंद करते.

तरीही लिहितेय, कारण मागच्या उन्हाळ्यात जे झालं ते मला बंद करता येत नाहीये.

आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलला राहतो. मी, माझा नवरा प्रशांत आणि तेरा वर्षांची आर्या. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. आईला एकदा तरी ज्वालामुखी बघायचा होता. नोकरीभर तिने फळ्यावर ज्वालामुखीचा उभा छेद काढला, लाल खडूने लाव्हा रंगवला, पण खरा कधी पाहिला नव्हता. म्हणून मी हवाईची तिकिटं काढली. बाबा गुडघ्यांमुळे नको म्हणाले. डोंगराला पडलेलं भोक बघायला अख्खा दिवस विमानात कोण बसणार, त्यापेक्षा मी घरी मॅच बघतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यासोबत प्रशांत राहणार होता, पण ऐन वेळी ऑफिसने त्याला डलासला पाठवलं. बाबा म्हणाले, मी काय कुक्कुलं बाळ आहे का? शेजारच्या सुनंदाकाकू येता-जाता डोकावतील असं ठरलं आणि आम्ही तिघी निघालो.

आता आईच्या नाकाबद्दल सांगायला हवं. कोविडमध्ये तिचा वास गेला तो गेलाच. हिंग नाही, फिनेल नाही, काही म्हणजे काही कळत नाही. सगळे डॉक्टर करून झाले. ती वरून चेष्टा करते, पण माझ्या भावाला मुलगी झाली तेव्हा बाळाचं डोकं पुन्हा पुन्हा हुंगत ती रडली होती. काहीच येत नाही ग, म्हणाली होती.

तर बिग आयलंडवर हिलो नावाचं गाव आहे, तिथून सकाळी व्हॅन निघाली. अर्ध्या दिवसाची गाइडेड टूर, जेवायच्या वेळेपर्यंत परत. आम्ही तिघी आणि ओहायोचं एक रिटायर्ड जोडपं. गाइड पन्नाशीचा, तिथलाच, केओनी नावाचा. तो पहिल्या मिनिटापासून आईला ‘ऑन्टी’ म्हणायला लागला. त्या बेटांवर वडीलधाऱ्या बाईला तसंच म्हणतात म्हणे. आई मला हळूच म्हणाली की हा नक्की आपल्या नागपुरात सीताबर्डीला राहून आलाय.

किलाउया ज्वालामुखीच्या विवराच्या काठाला कठडा आहे. त्या दिवशी लाव्हा नव्हता. खाली काळा, भेगाळलेला तळ, आणि त्यातून जागोजागी वाफ वर येत होती. पलीकडचा काठ इतका लांब की तिथली झाडं दिसेनात. आई दोन्ही हातांनी कठडा धरून उभी राहिली. खालच्या भेगा एकेक करून बघत होती.

“मी पोरांना हे फार लहान काढून दाखवलं ग,” शेवटी म्हणाली.

मग वारा फिरला आणि गंधकाची वाफ आमच्या अंगावर आली. सडक्या अंड्यांचा वास. ओहायोचे काका खोकत मागे सरले, आर्याने हुडी नाकावर ओढली. आई मात्र मजेत उभी. “आजी, यू आर सो लकी,” आर्या म्हणाली आणि आम्ही सगळे हसलो.

हसता हसता आईने मान वळवली. हवेत दोनदा हुंगलं.

“दूध लागलंय कुणाचं तरी,” ती म्हणाली.

मला आधी अर्थच कळला नाही. कळला तेव्हा मी तिला मिठीच मारली. इतक्या वर्षांनी तिला वास आला होता! मी वेड्यासारखी पर्स उपसली. बाम नाकाशी धरला, आर्याच्या डब्यातलं संत्रं धरलं, केओनीच्या थर्मासमधली कॉफी धरली. प्रत्येक वेळी तिने नाही म्हणून मान हलवली. गंधक येतोय का? नाही. फक्त दूध. उतू जाऊन गॅसवर पडलेलं, खाली पातेल्याला लागून जळत असलेलं दूध.

आणि मग तिचा चेहरा उतरला. “घरी फोन लाव,” म्हणाली.

मी तिला समजवायला लागले. घर कुठे, आपण कुठे, मध्ये अर्धा समुद्र आणि अख्खी अमेरिका. वास गेलेल्या माणसाला असे भास होतात, मी वाचलं होतं, नसा चुकीचा निरोप देतात. तिने सगळं ऐकून घेतलं.

“मला माहितीय ते. मीच शिकवायची. तू फोन लाव.”

आमची सकाळ म्हणजे घरी दुपार उलटून गेलेली. बाबांच्या चहाची वेळ. हे माझ्या लक्षात आलं. तरी मी स्वतःला म्हटलं, घरात स्मोक अलार्म आहे, काही जळलं तर बोंबलेल. आणि लगेच आठवलं की अलार्मवर शॉवर कॅप आहे. इथल्या बऱ्याच देशी घरांत हा उद्योग चालतो. आईने आल्या आल्या मिरचीची फोडणी दिली, अलार्म केकाटला, आणि बाबांनी स्टुलावर चढून त्याला हॉटेलातून आणलेली शॉवर कॅप घालून वर रबरबँड लावला. काढू काढू म्हणत कुणी काढलीच नव्हती.

फोनला रेंज नव्हती. केओनी म्हणाला, व्हिजिटर सेंटरपाशी मिळेल. टूर मध्येच सोडून मागे फिरायचं म्हणजे ओहायोवाल्यांचा वेळ जाणार, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. केओनीने एकही प्रश्न विचारला नाही. ऑन्टीला फोन करायचाय ना, मग फोन करू, एवढंच म्हणाला. व्हॅनमध्ये आईने ओढणी नाकावर दाबून धरली होती. ज्या बाईला वर्षानुवर्षं कशाचाच वास येत नाही, ती वास सहन होईना म्हणून नाक झाकून बसली होती. वाढतोय, वाढतोय, इतकंच म्हणत होती. आर्याने माझा हात धरला. ती घाबरली होती, आणि खरं तर मीही.

व्हिजिटर सेंटरच्या पार्किंग लॉटमध्ये रेंज आली. पहिल्यांदा रिंग वाजून वाजून बंद झाली. दुसऱ्यांदा बाबांनी उचलला. आवाज एकदम खणखणीत. काय म्हणतोय तुमचा ज्वालामुखी?

माझा जीव भांड्यात पडला. मी विचारलं, दूध ठेवलंय का गॅसवर? म्हणाले, अजून कुठे, आत्ता कुठे पातेलं काढतोय. मी आईकडे बघितलं. बघ, काही नाही झालेलं. तिने माझ्या हातातून फोन घेतला.

“दूध ठेवू नका. सुनंदाताईंकडे जाऊन चहा प्या.”

बाबांनी चेष्टा सुरू केली. घरचं दूध-साखर वाचवायला हा कॉल का, वगैरे. आई ऐकून घेत नव्हती. आयुष्यभर मी तिला बाबांवर आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, तो त्या दिवशी पार्किंग लॉटमध्ये ऐकला. “जा म्हणते ना. पातेलं खाली ठेवा आणि जा. फोन बंद करू नका.” बाबा कुरकुरत निघाले. चपला घसटल्याचा आवाज आला, दार लागल्याचा आला, मग काकूंचा आवाज आला — या भाऊ, आज इकडे कसे काय? तेव्हा कुठे आईने फोन माझ्याकडे दिला आणि ओढणी खाली घेतली.

“गेला वास,” ती म्हणाली.

मी तिच्यावर चिडले. आता लिहायला लाज वाटते, पण चिडले. परक्या लोकांसमोर तमाशा केलास, बिचाऱ्या बाबांना घराबाहेर काढलंस. आम्ही पुन्हा व्हॅनमध्ये बसलो, केओनी पुढच्या थांब्याबद्दल सांगायला लागला, आणि आम्ही गेटच्या बाहेरही पडलो नव्हतो तोच माझा फोन वाजला.

काकूंचा मुलगा निखिल. इथेच जन्मलेला, हायस्कूलमध्ये स्विमिंग कोच आहे. धापा टाकत होता.

“शीतलताई, ही इज अलाइव्ह. लिसन टू मी. ही इज अलाइव्ह.”

बाबा काकूंच्या किचनमध्ये उभ्या उभ्या कोसळले होते. चहा अजून कपात ओतायचा होता. हृदय बंद पडलं होतं. निखिल त्या दिवशी घरी होता, त्याच्या कामाला लागतं म्हणून सीपीआर शिकलेला होता, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तो बाबांची छाती दाबत राहिला. मी फोन कानाला लावून नुसती बसले होते. काय झालं ते आईने विचारलंसुद्धा नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. केओनीने लगेच व्हॅन वळवली आणि आम्हाला थेट एअरपोर्टवर सोडलं. सामान नंतर हॉटेलवाल्यांनी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तोवर स्टेंट टाकून झाला होता. बाबा शुद्धीत होते, निखिलने फासळी मोडली म्हणून तक्रार करत होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ते घरी एकटे असते तर वाचण्याची शक्यता जवळपास नव्हती.

मी घरी गेले. किचनच्या ओट्यावर पातेलं तसंच पडलेलं. कोरडं, स्वच्छ. दुधाचा कॅन फ्रिजमध्ये, सीलही न तोडलेला. गॅसवर एक डाग नाही. डलासहून आलेला प्रशांत स्टुलावर चढून अलार्मची शॉवर कॅप काढत होता. रबरबँड निघेना म्हणून त्याने तो ओढून तोडला.

तुम्ही म्हणाल भास. डॉक्टरही तेच म्हणाले, नाक गेलेल्यांना बहुतेक जळक्याचेच भास होतात. मान्य. योगायोग म्हणा, तेही मान्य करायला मी तयार आहे. पण मला छळतं ते वेगळंच. लांबवर काहीतरी घडलं आणि आईला ते तिथे काठावर कळलं, असं असतं तर एक वेळ मी ते तुमच्या त्या टेलिपथीच्या कप्प्यात टाकून दिलं असतं. इथे तर काही घडलंच नव्हतं. ते दूध कधी तापलंच नाही. मग आईला वास आला तो कशाचा?

बाबा घरी आल्यावर काही दिवसांनी आईने मला लाँड्रीत, घरातल्या कपडे धुवायच्या खोलीत बोलावलं. हॉस्पिटलने बाबांचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत दिले होते, ते तिने तोवर उघडले नव्हते. आत तिने विणलेला करडा स्वेटर होता, ॲम्ब्युलन्सवाल्यांनी छातीवर उभा कापलेला. एसीची थंडी वाजते म्हणून बाबा भर उन्हाळ्यात घरात स्वेटर घालायचे. आईने तो नाकाशी धरला. अर्थात काहीच आलं नाही. तिचं नाक त्या दिवसानंतर पुन्हा तसंच बंद आहे.

“मी तुला अर्धंच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “आधी दुधाचा आला. व्हॅनमध्ये बसल्यावर लोकरीचा यायला लागला. लोकर जळाल्याचा. मग त्याच्याही मागून…”

तिने स्वेटर पुन्हा पिशवीत कोंबला. मी पुढचं विचारलं नाही. आमच्या गॅसला उघडी ज्योत आहे, आणि बाबा गॅससमोर उभे राहूनच चहा करतात. तो स्वेटर आम्ही दोघींनी मिळून कचऱ्यात टाकला. बाबांना यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं. आईने त्यांना सांगितलं नाही, मी सांगितलं नाही, आणि त्या वेळी लाँड्रीत तिसरं कुणीही नव्हतं.

आई-बाबा नागपूरला परत जायच्या आधीच्या आठवड्यात मी बाबांना सोसायटीच्या तळ्याभोवती फिरवून आणत होते. पाहुण्यांसमोर ते ही गोष्ट रंगवून सांगायचे, बायकोने चहासाठी बाहेर हाकललं म्हणून वाचलो म्हणत, आणि शेवटी योगायोग म्हणून हसायचे. त्या दिवशी मध्येच थांबले. धाप लागली असेल म्हणून मीही थांबले.

“बेटा, तुझ्या आईला नुसता दुधाचाच वास आला होता ना?”

“हो बाबा,” मी म्हटलं. “दुधाचाच.”

त्यांनी एक हात छातीवरून हळूहळू फिरवला, विणीचे टाके चाचपावेत तसा. अंगात साधा टी-शर्ट होता. मग बरं म्हणाले आणि चालायला लागले. त्यांनी असं का विचारलं, ते मी त्यांना अजून विचारलेलं नाही. आठवड्यातून दोनदा आमचा व्हिडिओ कॉल होतो. दर वेळी विचारायचं ठरवते, आणि दर वेळी जेवलात का एवढंच विचारून फोन ठेवते.