गिरणी सुरू असताना

गिरणीचं बटण दाबलं की मावशी तळहात वर करायच्या आणि म्हणायच्या, “आता बोला.”

बिबवेवाडीत आमच्या सोसायटीसमोर त्यांची पिठाची गिरणी होती. त्या घरघरीत आपल्याला आपलाच आवाज ऐकू येत नसे. मावशींना मात्र रांगेतल्या पाचव्या बाईची कुजबुज कळायची. “जाड दळते म्हणालात? घरी जातं आणा मग!” अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मग चुका सुरू झाल्या. एका बाईंनी दोनदा बजावूनही त्यांची उपवासाची भाजणी गव्हावरच दळली गेली. “एकादशीला गहू चालतो वाटतं तुमच्यात?” बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून कुणी तोंड उघडलं की मावशी गिरणीच बंद करायच्या. माझ्या एका दळणाला तीनदा.

“काका, आईचं डोकं चालेनासं झालंय,” त्यांचा मुलगा म्हणाला. “पट्ट्यात हात जायच्या आत गिरणी विकतो.”

“डोकं नाही रे, कान. तपासून घे,” मावशी म्हणाल्या.

मीच घेऊन गेलो. बंद, शांत खोलीत तपासणी झाली. दोन्ही कानांचे आकडे वीस डेसिबलच्या आत, म्हणजे उत्तम. माझा जन्म हिशेब तपासण्यात गेलेला. कान ठीक आहेत, असं मुलाला ठणकावून सांगितलं.

“अहो, त्या खोलीत माझी गिरणी कुठं होती?” मावशींनी विचारलं. मी हसलो.

महिन्याभरात गिरणी विकली गेली. मावशी मुलाकडे वाघोलीला गेल्या.

पुढे माझ्या कानासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा कळलं. मेंदू नुसता ऐकत नाही. तो आतल्या कानाला उलटे निरोपही धाडतो: गोंगाट दाब, बोलणं येऊ दे. ते निरोप मंदावले, तर शांततेत सगळं ऐकू येतं आणि गोंगाटात शब्द हरवू शकतात. साध्या तपासणीत ते दिसेलच असं नाही. मावशींचं हेच झालं होतं का, ठाऊक नाही. मी मात्र खात्रीनं बोललो होतो.

मुलाला फोन केला. “आता काय उपयोग, काका?”

मग वाघोलीला गेलो. सातव्या मजल्यावर एवढी शांतता, की लिफ्टचं दार ऐकू येत होतं. मावशींनी चटणीसाठी मिक्सर लावला आणि सवयीनं तळहात वर केला. “आता बोला.”

“मावशी, तुमचं डोकं ठीक होतं. चूक माझी.”

त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. मग मिक्सर बंद केला. “काय म्हणालात?”

“चटणीचा वास छान सुटलाय,” मी म्हणालो.

“हं.” त्यांनी मिक्सर पुन्हा लावला. या वेळी हात वर केला नाही.