ब वर्गातलं दूध

पहिल्यांदा पकडलं तेव्हा पोलिसांनी दुजाभाव केला नाही. जमावबंदी मोडून पडीक सरकारी जमिनीवर नांगर घालणाऱ्या आम्हा सगळ्यांनाच लाठ्या बसल्या. बायकांना अकोल्याच्या तुरुंगात एकाच बराकीत कोंबलं. आमचा गट लहान कास्तकारांचा; दुसरा भूमिहीनांचा, त्यातल्या बहुतेक नुकत्याच बौद्ध झालेल्या घरांतल्या. मूर्तिजापूरच्या बाजारात आम्ही एकमेकींच्या सभा उधळायचो. बराकीत मात्र एकमेकींच्या सुजल्या पाठी शेकल्या. सुटताना ठरलं, ग्रामपंचायतीला दोघांचं एकच पॅनेल. वर्षानुवर्षं एकाच घरात राहिलेली सरपंचकी मोडायचीच होती.

निवडणुकीच्या तोंडावर पुन्हा पकडलं. या खेपेला तुरुंगाचा मोठा साहेब शहाणा निघाला. मी मॅट्रिक, शाळेत शिकवणारी, सासरी जमीन. म्हणून मला आणि आमच्या गटातल्या दोघींना 'ब' वर्ग. खाट, मच्छरदाणी, सकाळी दूध. भूमिहीन बायकांना 'क' वर्ग आणि खडे निघणारी भाकर. मी दूध प्यायले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी नळावर त्यांची पुढारीण भेटली. जिनिंग कारखान्यात कापूस निवडणारी, माझ्याहून वयानं मोठी. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "पॅनेलचं राहू द्या बाई. आमी आमचे उमेदवार उभे करतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण राग माझाच मला आला होता. सगळ्यांना सारखं झोडपलं की माणसं जवळ येतात, निवडून गोंजारलं की वैरी होतात. हे साहेबाला कळत होतं आणि मुलांना नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या मला नाही!

'क' वर्ग द्या म्हणून अर्ज केला. जेलर हसला. "वर्ग शिक्षणावर ठरतो बाई. शिक्षण परत करता येत नाही." पण शिस्त मोडली तर वर्ग काढून घेतात, हे भिंतीवरच्या नियमांत लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी साहेब पाहणीला आले. सगळ्यांनी उभं राहायचं असतं. मी त्यांच्याकडं पाठ करून खाली बसले. सोबतच्या दोघी उभ्या राहिल्या. "उठा," साहेब म्हणाले. "उठणार नाही," मी म्हटलं. त्याच दुपारी माझा 'ब' वर्ग काढून घेतला.

संध्याकाळी वळकटी घेऊन 'क' वर्गाच्या बराकीत गेले. कोणीतरी जवळ घेईल असं वाटलं होतं. पुढारीण भाकर मोडत होती. वर बघून म्हणाली, "इतले दिवस काहून लागले?"

"दूध आवडलं होतं," मी म्हटलं.

ती सरकली आणि अर्धी भाकर माझ्यापुढे धरली. "खा. मंग पॅनेलची यादी लिवू. तुमाले लिवता येते."

पहिल्या खेपेला त्या बराकीत आम्ही जेवायला त्यांच्यापासून वेगळ्या बसत होतो, हे मघाशी सांगायचं मी टाळलं. ती भाकर मी तिच्या शेजारी बसून खाल्ली, हात धुतले आणि यादीत माझ्या नावाच्या वर तिचं नाव लिहिलं.