हौसाबाईंचं पथ्य

पडदा वर जातो. पनवेलच्या दवाखान्यातली लहानशी खोली. खिडकीतून स्वच्छ ऊन, टेबलावर फुगलेली फाइल आणि खुर्चीच्या अगदी कडेवर, आत्ता उठून जायच्या तयारीत, हौसाबाई. वय अडुसष्ट. शेजारी सून, शोभा.

हौसाबाईंचा जन्म मिठागरात गेला. मिठागर बुजलं, गाव उठलं, करंजाड्याला तिसऱ्या मजल्यावर घर झालं. पण चालणं तेच राहिलं, चिखलातून चालावं तसं जपून आणि ठाम. गेल्या वर्षी बीजांडकोशात कर्करोगाची गाठ निघाली. केमोची सहा सलाइनं झाली. गाठ विरघळली आणि पुन्हा वाढली.

"आजी, आता गोळ्या सुरू करू या," डॉक्टर हुदा म्हणाल्या.

"नको. त्या पन फुकट जातील." हौसाबाईंची मान खाली गेली. "पथ्य मीच मोडलं. तुमी खारट नको सांगितलंत. तिसऱ्या सलाइनीला तोंडाची चव गेली, तवा सुकट खाल्ली. दोन येला."

त्यांच्या गावात काविळीचा पाला देणारा म्हातारा होता. पथ्य मोडलं की औषध लागत नाही, हा त्याचा कायदा. सहा महिने हौसाबाई तो गुन्हा एकट्याच वागवत होत्या.

शोभाचा चेहरा उतरला. "डॉक्टर, सुकट मीच भाजून दिली होती."

"तू गप," सासू म्हणाली. "तोंड माजं होतं."

डॉक्टरना हसू आवरेना. "अहो, खारट नको म्हटलं ते ब्लडप्रेशरसाठी! गाठीचा त्याच्याशी काय संबंध?" मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "सलाइननं गाठीतल्या पेशींच्या आतला धागा, डीएनए, तोडला. बऱ्याच मेल्या. पण काहींनी तुटलेला धागा भराभर सांधला. त्या जगल्या आणि त्यांचीच पिलावळ वाढली."

हौसाबाई विचारात पडल्या. "म्हनजे भरतीनं बांध फोडला, आन् पुढची भरती यायच्या आत आमी खांड बुजवली. तसं?"

"अगदी तसंच."

"आमी हातोहात चिखलाची ढेकलं द्यायचो. रांग उभी असायची." त्यांच्या डोळ्यांत क्षणभर कौतुक चमकलं. "मेल्या कामाच्या हायेत!"

"या गोळ्या ती रांग मोडतात. असले धागे एरवीही रोज तुटतच असतात. बुजवणारं कुणी नसलं की..."

"भरती काय, रोजच येते."

"पण आजी, खात्री देत नाही. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. रक्त तपासत राहू."

खात्रीचं हौसाबाईंनी जणू ऐकलंच नाही. त्यांना दुसरंच काही हवं होतं. "पन गाठ परत आली, ती माज्यानं नाय?"

"नाही, आजी."

"हिच्यानं पन नाय?"

"कुणाच्याच चुकीनं नाही."

हौसाबाई खुर्चीत मागे सरकल्या. त्या खोलीत पहिल्यांदाच त्यांची पाठ खुर्चीला टेकली.

खालच्या दुकानातून शोभानं गोळ्या आणल्या. दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. पाकीट फोडता फोडता शोभाला एकदम रडू फुटलं. आतापर्यंत तिनंही आवरून धरलं होतं. हौसाबाईंनी तळहात पुढे केला.

"दे ती गोली. आन् डोले पूस गो, मानसं बगतात."